एहादच्या पुढचा शब्द

— आजारी कसली, झोप नाही झाली हो. चार रात्री. आणि कारण सांगितलं तर हसाल, यशोधराताई — एका शब्दावरून. दोन अक्षरांचा शब्द. सांगते, सांगते, आधी बसा तर. अशा इकडे सरका, ही बायकांची बाकं, पुरुष पलीकडे. उशिराचं काय एवढं, चूक माझीच. मीच सांगितलं ना तुम्हाला, स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘मशीद’ म्हणा — आणि त्यानं बिचाऱ्यानं खऱ्या मशिदीसमोर नेऊन उतरवलं! त्याची काय चूक? आम्ही बेने इस्राएल आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणत आलोय, आजी-पणजीपासून. दुसरं काही तोंडात येतच नाही. शिवमंदिराच्या रस्त्यानं या म्हणायला हवं होतं. बी.कॉम. झालेली बाई, शेजारणीला धड पत्ता सांगता येत नाही — आणि ही म्हणे मुलांना शिकवणार! … ते येतंच पुढे. हलवा घ्या. गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला. ह्या मागे बसल्यात ना, एस्तेरआजी, त्यांनी केलाय. अंधुकच दिसतं आता, पण हलव्याची तार बोटानं कळते म्हणतात. आम्ही शहाडला राहायचो तेव्हा शेजारच्याच खोलीत होत्या, मला अंगाखांद्यावर खेळवलंय त्यांनी. जोरात बोललात तरी चालेल, कानानंही जरा बेताच्या.

तर हा आमचा सिम्हाथ तोरा. सिम्हाथ म्हणजे आनंद. तोरा म्हणजे आम्हा ज्यूंचा धर्मग्रंथ. वर्षभर दर शनिवारी ती थोडी थोडी वाचायची, आता ती संपते — आणि संपली की लगेच पहिल्यापासून पुन्हा सुरू, मध्ये सुट्टी नाही. म्हणून हा नाच. ते मखमलीतलं, चांदीची घुंगरं लावलेलं दिसतंय ना, ते सेफेर. आत चामड्यावर हातानं लिहिलेली गुंडाळी असते. ते उराशी धरून सात फेऱ्या घालायच्या. आणि तो घाम पुसतोय तो आमचा नवरोबा, रूबेन — हो, तोच! सख्ख्या भावाच्या लग्नात खुर्चीवरून उठला नव्हता. आज बघा, शर्ट बाहेर, टोपी कानावर. मला हा सण म्हणूनच आवडतो. कुणी रडत नाही, कुणी उपास करत नाही, मुलांच्या हातात कागदी झेंडे नि तोंडात गोळ्या. मीच एक इथे परीक्षेला बसल्यासारखी.

फेऱ्या संपल्या की मुलं एकेक करून पुढे जाऊन म्हणतात. आमची येमिमा शेमा म्हणणार. शेमा म्हणजे — आमचं सगळ्यात मुळाचं, सकाळ-संध्याकाळचं. तुमच्याकडे त्रिशरण असतं ना, तसं समजा. तुम्ही कसं शिकलात? पुस्तकातून? … आईकडून. बघा! मग तुम्हाला कळेल. आम्हाला हिब्रू वाचता कुठे येतं? मी शिकले आजोबांच्या वहीतून. कारखान्यात होते ते, पण अक्षर मोत्यासारखं, शहाडची अख्खी चाळ अर्ज लिहून घ्यायला यायची. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठी अक्षरांत उतरवलेल्या. शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद — आणि एहादच्या पुढे, ताई, वहीत एक शब्द आहे. ‘हळू’. मग बारुख शेम आणि पुढचं.

हसलात? अजून तर मी सांगितलंच नाही! … हो, तुम्हाला लगेच कळलं. तुम्हाला लगेच कळलं, मला एकतीस वर्षं नाही कळलं. आजोबांनी सूचना लिहिली होती — पुढची ओळ हळू आवाजात म्हणायची, कुजबुजल्यासारखी. कंस घातले होते, ते पुसले गेले. मी म्हणतेय आपली — एहाद, हळू, बारुख शेम. आता वहीत दुसरीकडे ‘तीन पावले मागे’ असंही लिहिलंय, ते हिब्रू नाही एवढं मला कळत होतं, अगदीच ही नाही मी. पण हळू! एलोहेनू असतं, आवीनू असतं, हालेलू असतं — सगळं ऊकारान्त — त्यात हळू कसं चपखल बसतं! मी तर त्याचा अर्थसुद्धा ठरवला होता. ‘हालेलू’चाच कोणीतरी धाकटा भाऊ असेल, स्तुती वगैरे. आणि गंमत अशी की ती ओळच मुळी सगळे कुजबुजत म्हणतात, त्यामुळे माझं ‘हळू’ कधी कुणाच्या कानावर गेलंच नाही. चोरी पकडली जाणार कशी?

पकडली मीच. गेल्या आठवड्यात मुंबईहून छापील पुस्तक मागवलं, येमिमाचं एकदा ताडून बघावं म्हणून. त्यात हळू नाही. म्हटलं छपाईची चूक. पुन्हा वाचलं. मागची पानं, पुढची पानं — नाही. मग वही उन्हात धरली, तर कंसांची दोन पुसट शेपटं दिसली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

एकटीनं म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं हो. पण पोरीला तसंच शिकवलंय ना! तीन वर्षांची असल्यापासून, रोज झोपताना. आता सातवं लागलं, मुरलंय ते. आणि तिला कुजबुजणं माहीतच नाही. सणाला माइक लावत नाहीत इथे, पण तिला लागतो कुठे? शिरगावात आमच्या गॅलरीतून हाक मारली तर खाली वाण्याच्या दुकानात वळून बघतात, तुम्ही ऐकताच की रोज.

आणि पुढे ते बसलेत बघा, पांढऱ्या दाढीचे, डोळे मिटून — शिमशोनकाका. इथलं सगळं तेच चालवतात. रविवारचा मुलांचा वर्ग बंद पडलाय. शिकवणाऱ्या बाई मुलाकडे इस्राएलला गेल्या. काका मला म्हणाले, “नाओमी, तू शिकलेली आहेस, वर्ग तू घे. सणाला येमिमाचं ऐकतो, मग सगळ्यांसमोर सांगून टाकू.” नऊ मुलं आहेत. नऊच्या नऊ ‘हळू’ म्हणत मोठी झाली म्हणजे? पंधरा वर्षांनी अख्खी जमात ‘हळू’!

सांगायचं ना काकांना, म्हणताय. बरोबर आहे. गेले होते सांगायला. तोंडातून काय निघालं माहितीये? म्हटलं, येमिमाचा घसा बसलाय, या वर्षी राहू द्या. आणि ही बया शेजारीच उभी, खड्या आवाजात विचारते, “मम्मी, माझा घसा कधी बसला?” काकांनी खिशात हात घातला. गोळी दिली तिला.

खरं सांगू? मला तो वर्ग हवाय. फार हवाय. रूबेनचे दोन्ही भाऊ इस्राएलला गेले, अश्दोदला; तो रोज म्हणतो, आपणही फॉर्म भरू. मी म्हणते आईंचे गुडघे, मी म्हणते येमिमाची शाळा. आईंचे गुडघे उत्तम आहेत. मी नाही म्हणते कारण — तिथे उतरल्याबरोबर मी अडाणी, ताई. बसची पाटी वाचता येणार नाही, पोरीची वही तपासता येणार नाही. इथे निदान ‘नाओमीला विचारा, तिला येतं’ असं म्हणतात. तेवढंच एक आहे माझं, आणि त्यातही हे हळू निघालं. … हे रूबेनला बोलू नका हं. मलाच आत्ता कळलं, बोलता बोलता.

म्हणून चार दिवस शिकवणी. म्हटलं, येमी, एहादनंतर हळू म्हणायचं नाही. पुढचं हळू म्हणायचं. ती म्हणते, म्हणायचं की नाही म्हणायचं? म्हटलं, हळू नाही म्हणायचं, हळू म्हणायचं. माझं मलाच कळेना मी काय बोलतेय! शेवटी म्हटलं, हे बघ राणी, तो शब्द चुकून आलाय. जगात फक्त आपल्या एकट्यांच्या वहीत आहे, दुसऱ्या कुणाच्या म्हणजे कुणाच्या वहीत नाही. हे पटलं तिला. मान हलवली. पण चेहरा एवढासा झाला — मला बरं नाही वाटलं ते. काल नीट म्हणाली. परवा दोनदा चुकली. आज सकाळी विचारलं, तर म्हणते, “मी आतल्या आत म्हणीन, तुझ्या आजोबांना वाईट नको वाटायला.”

थांबली घुंगरं. तो शेवटचा मुलगा झाला की — नाही, आलंच, नाव घेतलं. गेली. बघा कशी चालते, जशी काही बक्षीस घ्यायला. झेंडा खाली ठेव ग… ठेवला. हात धरू का तुमचा जरा?

शेमा… यिस्राएल… छान. अदोनाय एलोहेनू… काकांनी डोळे उघडले. अदोनाय… एहाद. हं. आता खाली, खाली आवाज, बारुख — थांबली. का थांबली? माझ्याकडे काय बघतेस, पुढे बघ, बारुख — तिला आठवतंय हो, आतल्या आत म्हणतेय ती, ओठ हलले, आत्ता पुढचं — नाही, अडकली, अडकलीच, काका मान हलवतायत, मी उठू का, मी सांगूनच टाकते, चूक माझी आहे म्हणून, मी —

कोण ओरडलं? मागून? एस्तेरआजी, तुम्ही? काय म्हणालात तुम्ही? … “अगं पोरी, ‘हळू’ राहिलं की!” …

“मम्मी! आजींच्या वहीतपण आहे!”