नेलपेंटचे पाच ठिपके

रेडिओकाका : हाताने नको ओढूस तो पट्टा. बोटाचं तेल लागलं की घसरतो. चिमट्याने धर.

मुलगी : धरलाय, काका. पण हा तर नवाकोरा दिसतोय.

रेडिओकाका : असणारच. मार्चमध्ये माझ्याच दुकानातून नेला. आधीचाही काही वाईट नव्हता. तुझे बाबा म्हणजे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी. हा रेकॉर्ड प्लेयर पन्नास वर्षांचा ना? त्यातलं आता पन्नास वर्षांचं फक्त लाकूड उरलंय.

मुलगी : मग वाजत का नाही?

रेडिओकाका : वाजेल गं. थाळी फिरतेय, वेगही बरोबर आहे. दांड्यातून येणारी तार सुटलीय, बाकी काही नाही. पुसताना कुणीतरी ओढली असेल.

आई : कुणीतरी कशाला, मीच पुसला. हे गेल्यापासून तीन महिने नुसता धूळ खात होता.

रेडिओकाका : तुम्हाला बोललो नाही, वहिनी. पाच मिनिटांचं काम आहे. घाई आहे का?

मुलगी : उद्या सकाळी सामानाची गाडी येतेय. आई दादाकडे राहायला जातेय. दादा म्हणाला, चालत असेल तर तू ने, नाही तर भंगारात देऊ.

रेडिओकाका : भंगारात? कानसेनाचा प्लेयर?

मुलगी : कोण कानसेन?

रेडिओकाका : अगं, तुझे बाबा. आमच्या गल्लीत दुसरं नावच नव्हतं त्यांना. दुकानात चार प्लेयर लावलेले असले तरी दारातूनच सांगायचे, तिसऱ्याचा पट्टा सैल झालाय. आणि व्हायचा.

मुलगी : मला न्यायचाच आहे असं नाही, काका. एकदा ऐकायचाय. चार वर्षं बाबा माझ्याशी बोलले नाहीत, याच्यासमोर बसून राहिले. तो त्यांना असं काय सांगत होता, ते तरी कळू दे.

आई : झालं हिचं सुरू.

मुलगी : खोटं आहे का? मी नवऱ्याचं घर सोडलं, त्या उन्हाळ्यापासून. फोन केला की "आईला देतो". इथे आले की माझ्याकडे पाठ आणि हातात पेचकस. दोन दिवस राहायचे मी, दोन्ही दिवस पाठच बघायचे.

आई : त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. बरं झालं, सुटली पोर, असंच म्हणाले होते. तुला सांगितलंय मी.

मुलगी : तू सांगितलंस. ते नाही बोलले.

आई : कणीक तशीच पडलीय माझी.

रेडिओकाका : गेल्या वाटतं. तू ती तार सरळ धर. हं, असं. सोल्डर लागलं. आता फुंकर नको मारूस, आपोआप थंड होऊ दे. लाव बरं एखादी तबकडी. त्यांची आवडती कुठली?

मुलगी : ही असेल. हिचंच कव्हर फाटलंय. व्हॉल्यूम किती ठेवू? बटणाभोवती लाल ठिपके केलेत कसले तरी.

रेडिओकाका : बघू. एक, दोन... पाच आहेत. त्यांचीच खूण असणार. शेवटच्या ठिपक्यावर ठेव, म्हणजे त्यांनी ऐकलं तसंच ऐकशील.

(तबकडी वाजू लागते. काका दोन्ही हात कानांवर नेतात. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत येते.)

आई : बंद कर. आधी बंद कर ते.

मुलगी : केलं, केलं. काका, हे काय होतं?

रेडिओकाका : माझ्या दातांतून कळ गेली. ते गाणं होतं की पत्रा कापत होते?

आई : शेजारचे येतील आता भांडायला.

मुलगी : आई, तू हे रोज ऐकायचीस?

आई : कानात कापूस घालायचे.

मुलगी : चार वर्षं?

आई : कापसाला काय झालंय.

रेडिओकाका : थांबा, थांबा. मला बघू दे. ही सुई... अरे देवा. हिच्या डोक्यावर वॉशर चिकटवलाय. लोखंडी. मला वाटलं होतं ते वॉशर मोटरखाली घालायला नेतायत.

मुलगी : त्याने काय होतं?

रेडिओकाका : वजन वाढतं. सुई खाचेत नीट बसत नाही, वरचा आवाज उचलत नाही, असं म्हणत होते चार वर्षांपूर्वी. मी म्हटलं, दुसरी सुई बघा. दोन महिन्यांनी आले, हीही उचलत नाही. मग तिसरी. आणि इथे मागे बघ, हा कंडेन्सर. मूळ मशीनमध्ये नाही हा. बारीक आवाज तेवढा वर काढतो आणि बाकीचा दाबतो. मीच दिला. म्हटलं, कानसेन म्हणतायत म्हणजे काहीतरी कमी असणारच.

मुलगी : आणि कमी होतं?

रेडिओकाका : मशीनमध्ये? छे. मशीन ठणठणीत होती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललं होतं त्यांचं. मी हसायचो.

मुलगी : हे ठिपके कशाने केलेत, आई?

आई : माझं जुनं नेलपेंट. "आवाज इथे बरोबर लागतो" म्हणाले की एक ठिपका द्यायचे. म्हणजे रोज शोधायला नको.

मुलगी : आणि मग दुसरा?

आई : मग सहा-आठ महिन्यांनी तिथे बरोबर लागायचा नाही.

मुलगी : म्हणून पुढे.

आई : म्हणून पुढे.

रेडिओकाका : वहिनी, एक विचारू? कानसेनांना ऐकू येत होतं ना?

आई : चहा टाकते मी. साखर कमी ना तुम्हाला?

मुलगी : आई. काकांनी काहीतरी विचारलं.

आई : ऐकलं मी. मला येतं ऐकू.

रेडिओकाका : राहू दे चहा, वहिनी. मी... आधी हे काढतो सगळं. हा कंडेन्सर निघाला. वॉशर निघत नाहीये, काय चिकटवलाय गड्याने. पातं दे गं इकडे. हं, निघाला. मागचं वजन आता मापात घेतो. झालं. पन्नास वर्षांपूर्वी होता तसा झाला तुझा प्लेयर. लाव. पहिल्या ठिपक्यावर.

मुलगी : काका, हे गाणं कुठे आहे?

रेडिओकाका : आहे. मागे आहे बघ, खूप मागे.

मुलगी : मला नुसती खरखर ऐकू येतेय. वाळक्या पानांतून कुणी चालत गेल्यासारखी.

रेडिओकाका : खाचा घासल्या गेल्या. चार वर्षं तेवढ्या वजनाने सुई फिरलीय त्यांच्यावरून. नांगरच म्हण ना.

मुलगी : दुसरी लावून बघू?

रेडिओकाका : मघाशी तिरप्या उजेडात धरून बघत होतो मी. इथल्या सगळ्या पांढऱ्या पडल्यात. तू लाव हवी तर.

मुलगी : यावर काही उपाय?

रेडिओकाका : मशीनवर असतो गं, पोरी. मशीन आपण करू तेवढी चांगली होते. खाच घासली ती घासली. नवी तबकडी आण, याच्यावर सोन्यासारखी वाजेल.

मुलगी : नवीवर त्यांनी ऐकलेलं नसेल काही.

रेडिओकाका : नाही. ते नाही. येतो मी. वहिनी, काही लागलं तर कळवा. आणि पोरी, वॉशर मी दिला होता. विचारायला हवं होतं मी, कशाला म्हणून.

मुलगी : तुम्हाला कसं कळणार, काका.

रेडिओकाका : कानाचाच धंदा माझा. असो. दार ओढून घेतो.

मुलगी : बस ना, आई. पोळ्या नंतर कर.

आई : हात पिठाचे आहेत.

मुलगी : असू देत. कधीपासून?

आई : पाच वर्षं तरी झाली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाणार, परत येणार नाही.

मुलगी : कानाचं यंत्र?

आई : आणलं होतं. कपाटात आहे, डबीसकट. दोन दिवस लावलं. म्हणाले, याच्यातून गाणं म्हणजे भांडी आदळल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा प्लेयर सुधारतो.

मुलगी : आणि मला सांगायचं नाही, असं ठरलं तुमचं.

आई : कुणालाच नाही. शपथ घातली होती. अख्खी गल्ली कानसेन म्हणते, त्यांना काय तोंड दाखवू, म्हणाले.

मुलगी : मी गल्लीतली होते?

आई : मी म्हटलं होतं त्यांना, पोरीला तरी सांगा. म्हणाले, पुढच्या वेळी आली की सांगतो. मग तू आलीस की पाठ फिरवून बसायचे.

मुलगी : तुझ्याशी तर नीट बोलायचे. मी बघितलंय.

आई : माझ्या तोंडाकडे बघून काढायचे अर्थ. बेचाळीस वर्षं बघितलेलं तोंड ते, काय बोलणार हे आधीच ठाऊक. तुझं तोंड वाचायची सवय नव्हती त्यांना. आणि बारीक आवाज आधी जातात म्हणे. बायकांचे, पोरांचे. फोनवर माझ्या भावाचं थोडं कळायचं, दादाचं कळायचं. तुझा आवाज त्यांना सगळ्यात आधी गेला.

मुलगी : मग माझा फोन घ्यायचेच कशाला? तूच घ्यायचा ना.

आई : घेऊच द्यायचे नाहीत. वाजला की दिवा लागतो तसला फोन आणला होता. तुझं नाव दिसलं की मला हाताने थांबवायचे आणि स्वतः उचलायचे. थोडा वेळ कानाशी धरून ठेवायचे. मग मला द्यायचे.

मुलगी : मला वाटायचं, मुद्दाम गप्प बसलेत.

आई : ऐकत असायचे. येत नव्हतं, पण ऐकत असायचे.

मुलगी : तेवढ्या वेळात मी काय म्हणत असायचे, माहीत आहे तुला?

आई : त्यांना जाणून घ्यायचं असायचं ते. फोन ठेवला की पहिला प्रश्न तोच. माझ्याशी काय बोलली ती?

मुलगी : आणि तू काय सांगायचीस?

आई : जेवलात का, असं विचारत होती म्हणायचे. गुडघा कसा आहे विचारत होती. थंडी पडलीय, बाहेर जाऊ नका म्हणाली. असंच काहीबाही. दरवेळी थोडं बदलून.

मुलगी : आणि ते?

आई : मान हलवायचे. मग उठून प्लेयर लावायचे.

मुलगी : मी "आईला द्या" म्हणायचे, आई. चार वर्षं. दुसरं कधीच काही नाही विचारलं मी.

आई : माहीत आहे मला.