दगडाचं तोंड आणि वकिलाचा घोडा

...आणि पुरला हो! क्रेन लावून आणलेला दगड, चांगला म्हशीएवढा, तो आमच्या डोळ्यांदेखत खड्ड्यात पुरला! वर राहिला किती? उशीएवढा! मी म्हटलं, "अहो, मग उशीएवढाच आणायचा होता ना?" तर तो बागवाला... तुम्हाला सांगतो, हा माणूस बोलतच नाही, नुसता कुजबुजतो... म्हणाला, "काका, जो दिसत नाही ना, त्यानंच दगड बसल्यासारखा वाटतो." आणि हे सगळं कशासाठी? तर म्हणे शांतता! असो, पुरला तर पुरला.

म्हणजे झालं काय, आमच्या हिनं कुठेतरी जपानी बागेचे फोटो पाहिले नि घेतलं मनावर. मागच्या अंगणाला काय धाड भरली होती? दोरीवर कपडे, कोपऱ्यात मोडकं स्टूल, आणि शेजारचं अंगण नि आमचं, मध्ये कमरेएवढी तारेची जाळी. जाळीच्या खांबांवर मी एक फळी ठोकलेली, फळीवर बुद्धिबळाचा पट, इकडे मी, तिकडे वकील. रिटायर झालाय, बरं का, पण सवय गेलेली नाही. बावीस वर्षं, रोज सकाळी दोन डाव, उभ्यानं! नि रोज भांडण! "चाल परत घेतो." "नाही मिळणार!" "अरे, बोट टेकलेलं होतं माझं घोड्यावर, हात सुटलाच नव्हता!" "सुटला होता!" "साक्षीदार आण!" हिचं म्हणणं, ह्या कलकलाटात माणसानं सकाळचा चहा प्यायचा तरी कसा? म्हणून बाग. कशासाठी? तर शांतता! बरं, म्हटलं, कर बाई.

बागवाला पहिले तीन दिवस पालथ्या बादलीवर नुसता बसून. विचारलं, काम सुरू कधी? "चालू आहे, काका. जागा काय म्हणते ते ऐकतोय." चौथ्या दिवशी दगड. आणि दगडाला म्हणे तोंड असतं! असेल बाबा! सहा माणसं पहारी लावून दगड फिरवतायत, नि हा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून कुजबुजतोय, "जरा रुसल्यासारखा वाटतोय... थोडा डावीकडे... हां, आता हसला." माझ्या तोंडाकडे नाही हो कुणी इतकं बघितलं उभ्या जन्मात! मग पांढरी खडी पसरली, तिच्यावर लाकडी दाताळ्यानं रेघा ओढल्या, ते म्हणे पाणी. त्यावर पाय द्यायचा नाही. मी विचारलं, "मग बागेत जायचं कुठून?" "जायचं नाही, काका. बघायचं." घ्या! तेव्हापासून मी सकाळच्या डावापुरता कडेकडेनं जाळीपाशी जायचो, एरवी दारातल्या पायरीवर चपला काढून बसायचो.

तेही सोसलं असतं. पण मग आलं कुंपण. जाळी काढली, माझी फळी उपटली, नि तिथं सात फूट उंच लाकडी भिंत! त्याही चांगल्या कोऱ्या फळ्या आधी आगीवर धरून काळ्या केल्या, म्हणजे म्हणे टिकतात. आणि वेळ कशी साधली बघा... आदल्याच सकाळी आमचं कडाक्याचं वाजलेलं. घोड्यावरूनच. रागाच्या भरात मी म्हटलं, "उद्यापासून तुझं तोंड बघणार नाही!" अहो, रोजचंच वाक्य ते, शंभरदा म्हटलं असेल! त्याला बागेचं ठाऊक होतं, कुंपणाचं मी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी वकील पट घेऊन बाहेर येतो, तर समोर काळं कुंपण! काय वाटलं असेल हो त्याला?

त्याच्या बायकोनं हिला सांगितलं, "ते म्हणतात, बोलला तसं करून दाखवलं." पट कपाटात ठेवून दिला म्हणे. जाऊन सांगायचं ना? सांगायचं होतंच! दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. बावीस वर्षांत मी त्याच्या पुढच्या दाराची बेल वाजवली नव्हती. शिवाय एकदा माझं चुकलं म्हटलं असतं, तर ह्या माणसानं मागचे सगळे डाव उकरून काढले असते! तर मी बसलो गप्प. आठ दिवस. शांतता आली, हो, अशी आली की हिलाच चहा जाईना. मला तर सकाळ झाली की रडू यायचं, खोटं कशाला बोलू.

नवव्या दिवशी दुपारी ही जरा पडली, नि मी उतरलो खडीत. करकर, करकर... कुंपणापाशी गेलो नि खाकरलो. पलीकडून कुणीतरी खाकरलं! वकीलच! मी पुन्हा खाकरलो, तोही खाकरला. पण आधी बोलणार कोण? परत आलो. असा तीनदा गेलो, तीनदा आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागवाला शेवटचं बघून जायला आला, तर दारापासून कुंपणापर्यंत माझ्या पावलांचे खड्डे! "अहो, हे काय करून ठेवलंत!" ही किंचाळली. मी मान खाली घातली. बागवाला मात्र बादली पालथी घालून बसला. तासभर बघत. मग कुजबुजला, "वाट राहिलीच होती. माझं चुकलं." आणि जिथं जिथं माझं पाऊल, तिथं तिथं त्यानं एकेक सपाट दगड बसवला, हो, पुरूनच! वाट संपली तिथं कुंपणाला करवत लावली. खिडकी! पण कुठं? गुडघ्याएवढ्या उंचीवर! "इथं वाकूनच यायचं असतं, काका. दोन्हीकडून."

गेलो. टेकले गुडघे. बघतो तर पलीकडे दोन गुडघे आधीच टेकलेले. मग खाली वाकून वकिलाचं तोंड आलं. रुसलेलं. मी म्हटलं, "अरे, ही कुंपणाची भानगड हिची, माझी नव्हे. आणि घे... तुझा घोडा मागे घे." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, नि म्हणाला, "लेखी दे."

तर आता रोज त्या खिडकीत डाव. ही चहाचा कप घेऊन आतून बघते नि म्हणते, "बघा, कसे गुण्यागोविंदानं खेळतायत! बागेचा परिणाम!" कसला परिणाम? डाव केव्हाच संपलेला असतो, वकील केव्हाच हरलेला असतो, पण दोघांचेही गुडघे धरलेत, उठणार कोण? उठवायला हिला हाक मारावी, तर बागेत मोठ्यानं बोलायचं नाही... म्हणून मग हिचा चहा होईपर्यंत आम्ही आपला दुसरा डाव मांडतो. काय करणार? शांतता!