बिस्किटांची बशी आणि चारमिनार

दुपारचे तीन, निजामाच्या राज्यातलं हैदराबाद, चारमिनारजवळचं एक इराणी हॉटेल. मुरुम गावचे माझे मामा आयुष्यात पहिल्यांदा चारमिनार चढायला आले होते आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्हाला परतायचं होतं.

आम्ही नुसता चहा सांगितला, तर वेटरनं न मागता बिस्किटांची भरलेली बशीही आणून ठेवली. मामांनी ती संपवली. त्यानं लगेच पुन्हा भरली. मामांनी तीही संपवली.

"मामा, राहू द्या की आता."

"पुढ्यात वाढलेलं टाकून उठायचं व्हय? त्या माणसाला काय वाटंल?"

तिसऱ्या बशीला मामांनी धोतराची गाठ सैल केली. तेव्हा मात्र मी उठून गल्ल्यावरच्या इराण्याला गाठलं. "आमचा माणूस मारायचाय का तुम्हाला?"

तोही तापला. "गिऱ्हाइकासमोर बशी रिकामी ठेवली तर लोक मला कंजूष म्हणतील. अरे मियाँ, जितना होना उतना खाओ, बाकी छोड दो!"

"हे आधी सांगायचं की रे," मामा जागेवरूनच कण्हले.

त्यांना उठवेपर्यंत गाडीची वेळ झाली. चारमिनार त्यांनी टांग्यातून, पोट धरून पाहिला.

हॉटेलाच्या पाटीवर उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी अशा चारही भाषांत नाव रंगवलेलं होतं. बिस्किटं शिल्लक ठेवली तरी चालतात, एवढं त्यातल्या एकाही भाषेत का लिहिलं नव्हतं, हे त्या इराण्यानं मला आजवर सांगितलेलं नाही.