द्वारकीचं न सुटणारं गणित

मंडळी, आजच्या कीर्तनाला एक प्रश्न घेऊन उभी राहिले आहे. पोरांना गृहपाठ द्यावा, की बंद करावा?

बंद! — बघा, पुढे बसलेल्या पोरांचे हात वर गेलेसुद्धा! आणि आया? आया गप्प! पेटीवाले दादा मात्र हसताहेत. हसणारच! नातवाचा गृहपाठ रोज तेच करतात!

माझं मत विचारू नका. गोष्ट ऐका.

आमच्या लहानपणी कोष्टी गल्लीत घरोघरी माग होते. रेशमाची लुगडी विणायची. सकाळी जाग यायची ती मागाच्या खटखटीनं. अजून तो आवाज कानात आहे हो! बाप्यांनी विणायचं, बायकांनी आणि पोरींनी रहाट फिरवून कांडीवर रेशीम भरायचं. कांडी संपली की माग थांबला, म्हणून पोरींना सारखी हाक — "ए, कांडी आण!"

पण गल्लीत एक रीत होती. पाटी म्हणजे सरस्वती. पोराच्या मांडीवर पाटी असली की त्याला हाक मारायची नाही, उठवायचं नाही. घर पेटलं तरी आधी पाटी खाली ठेवू द्यायची!

आमच्या समोर रंगनाथ कोष्टी राहायचा. त्याची मुलगी द्वारकी, चौथीतली. आई नव्हती तिला. घर चालवायची गोदूआत्या — रंगनाथची विधवा बहीण. जिभेला धार अशी, की शेजारची मांजरसुद्धा विचारून आत यायची!

शाळेत होते दातरंगेगुरुजी. एके दिवशी किराणा दुकानदाराची बायको रडत शाळेत आली. "गुरुजी, आमचा अरू गृहपाठाच्या धास्तीनं जेवत नाही हो! झोपेत पाढे बडबडतो!"

गुरुजी मऊ मनाचे. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "आजपासून गृहपाठ बंद!"

काय तो आनंद! टोप्या उडाल्या! अरू तर बाकावर चढून नाचला!

एकटी द्वारकी खाली मान घालून बसली. का बरं?

दिवेलागणीला ती नेहमीसारखी पाटी घेऊन बसली. आत्या आली. "गृहपाठ बंद झालाय ना तुमचा? मग पाटी कशाला? ऊठ, रहाटावर बस!"

बसली बिचारी. रोज बसू लागली. पोरगी हुशार, बोटं चपळ. बाप खूश! म्हणाला, "अक्के, हिचा हात चांगला बसला. दिवाळीनंतर शाळेतून काढू. आणखी शिकून काय करायचंय?"

द्वारकी दुसऱ्या दिवशी गुरुजींपुढे जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, मला गृहपाठ द्या."

"अगं, सगळी सुटली म्हणून नाचताहेत आणि तू मागतेस? इतका आवडतो अभ्यास?"

"तसं नाही गुरुजी..."

"मग?"

"पाटी मांडीवर असली की हाक मारत नाहीत. आता मला शाळेतूनच काढणार आहेत."

मंडळी, गुरुजींना प्रश्न पडला. आपण पोरांना सोडवलं म्हणालो — मग ही कशात अडकली? त्या संध्याकाळी टोपी घालून ते निघाले. म्हटलं, शाळा सुटल्यावर पोरांचं होतं तरी काय, बघू या!

आधी किराणा दुकान. तर आत अरू मुसमुसतोय आणि बाप पट्टी घेऊन समोर!

"अहो, मी गृहपाठ बंद केला ना?"

"तुम्ही बंद केलात, म्हणून मी सुरू केला! तुमची पाच गणितं असायची, त्यावर दहा मी घालत होतो. आता सगळीच मला घालावी लागतात!"

घ्या! द्यायचा तेव्हा रडत होता, बंद केला तरी रडतोच आहे!

तिथून कोष्टी गल्ली. द्वारकी रहाटावर, डोळे तांबारलेले. गुरुजी दारातूनच परतले.

सकाळी वर्गात नवा हुकूम! "रोज एकच गणित. घरच्यांनी एकसुद्धा वाढवायचं नाही. आणि ते सुटेपर्यंत पोराला कुणी उठवायचं नाही. सांगा घरी!"

अरूचं गणित चुटकीसरशी सुटायचं, की पळाला विटीदांडू खेळायला. आणि द्वारकीचं? सुटेचना! दिवेलागणीला बसायची ती जेवणाची पानं मांडेपर्यंत. गणित एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मनाला येईल ते — कविता, गावांची नावं, घराचं चित्र.

गोदूआत्याला अक्षर येत नव्हतं. पण जन्म नक्षी बघण्यात गेलेला! एकदा ती मागे येऊन उभी राहिली. पोरीनं पटकन पाटी उलटली.

"दाखव."

"आत्या, गणित अवघड आहे..."

"ही ओळ मघाशीपण हीच होती. पुसलीस, परत हीच काढलीस. नक्षी ओळखते मी! सुटलंय ना तुझं गणित?"

द्वारकीला वाटलं, आता संपलं! आणि नेमका तेव्हाच मागावरून बाप ओरडला — "द्वारके! कांडी संपली! ऊठ!"

आत्यानं पाटी उलटून पाहिली. पाटीवरच्या त्या घराला पोरीनं मोठं दार काढलं होतं. दारात पाटी घेऊन कुणीतरी बसलेलं.

"ही कोण, तू?"

"नाही. तू."

मंडळी, त्या बाईच्या मांडीवर जन्मात कुणी पाटी ठेवली नव्हती. ती वळली, रहाट आपल्याकडं ओढला आणि कडाडली —

"रंगनाथा, पोरीला हाक मारू नकोस! तिचं गणित सुटलेलं नाही!"

दिवाळी आली, गेली. ते गणित पार सातवीपर्यंत सुटलं नाही!

आता बोला! गृहपाठ वाईट की चांगला? मला अजून कळलेलं नाही. पण तुम्ही आता घरी जाल. उंबऱ्यात पाय टाकल्या टाकल्या कुणाला तरी हाक माराल — पाणी आण, चहा टाक, दळण आण. त्याआधी क्षणभर थांबा. ती काय करत बसली आहे, एवढं बघा. आणि आज एक दिवस, पाणी आपल्या हातानं घ्या.

उचला टाळ! हाक मारायचीच असेल, तर विठ्ठलाला मारू. तो रागवायचा नाही!