आजीनं गुरू शिजवला

नाही, तुम्हीच सांगा, ग्रह कुणी घरी सांभाळायला देतं का हो? शेळी देतात, पोर देतात… पण ग्रह?

एक होती केरेसिया आजी, एक तिची नात रुदाइरो, आणि चुलीमागे एक गुरू. म्हणजे भोपळा! शाळेच्या मळ्यातला सगळ्यात दांडगा. मास्तरांनी पालकांच्या मेळाव्यासाठी चार घरांत चार भोपळे वाटले, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, रंगवून आणा म्हणाले. आमच्याकडे शनी, त्याला सायकलचं कडं. युरेनस म्हणे आडवा पडून फिरतो, तो बरोबर बीअर गाळणाऱ्या मार्वाच्या घरी! ‘हे चौघं नुसते वायूचे गोळे बरं का आजी, पाय टेकवायला आत काही नाही!’ लक्षात ठेवा हं, मास्तरच म्हणाले होते, आत काही नाही!

रुदाइरोनं गुरूला पट्टे ओढले, खाली लाल मातीचा डाग. तिथं म्हणे भलंमोठं वादळ चालू असतं. अहो, वादळ फाटकातून आत येत होतं! मुलाकडचे मध्यस्थ चिगुम्बू, रुदाइरोच्या थोरल्या बहिणीला मागणी घालायला, न कळवता, मेळाव्याच्या आदल्या दुपारी! आणि आजीच्या कोंबड्या? सगळ्या शेजारच्या मर्तिकाला दिलेल्या. पाहुणा उपाशी उठला तर मागणी मोडली, वर पोरीचं नाव गावभर! आजीनं टोपल्या पाहिल्या, मडकी पाहिली, गुरूकडे पाहिलं… मास्तरच म्हणाले होते ना, आत काही नाही!

डागावरच सुरी चालवली, गोल झाकण काढलं, पळीनं गर कोरला, दाण्याचं वाटण घालून अशी न्होपी, म्हणजे भोपळ्याची घट्ट लापशी, घोटली की चिगुम्बू दोनदा ‘वाढा अजून’ म्हणाले. मग झाकण बसवलं, वरून लाल माती लिंपली. वादळ जागच्या जागी!

दुसऱ्या दिवशी सगळा गाव शाळेत, चिगुम्बू पाहुणे म्हणून पुढच्या बाकावर. मास्तरांनी गुरू उचलला, तर पिसासारखा हलका! आणि आत खडखड, खडखड… ‘हे काय वाजतंय?’ आजीनं डोईचं फडकं डोळ्यांवर ओढलं. मास्तरांनी हलवला, वादळ निखळलं, आणि चिगुम्बूंच्या पायाशी पडली लाकडी पळी!

‘अगं बाई, ही तर केरेसियाची, टोक जळकं!’ मार्वा ओरडली. ‘पोरांचा भोपळा खाल्ला?’

जन्मात दुसऱ्याच्या शेतातलं कणीस न मोडलेली बाई हो! धरणी पोटात घेईना. ‘मास्तर… तुम्हीच म्हणालात… आत काही नाही…’ एवढंच पुटपुटली. रुदाइरो तर रडायलाच लागली.

चिगुम्बूंनी पळी उचलली, हुंगली. ‘आजीला काय विचारता? मला विचारा. दोनदा मागून खाल्लाय मी गुरू! आता आजीची थोरली नात दुसऱ्या घरी गेली तर मला परत असं खायला कोण घालणार? मागणी पक्की!’

ठरलं लग्न. मुलाकडून शाळेला गाडीभर भोपळेसुद्धा आले. पण आजी अजून शाळेवरून जाताना फडकं ओढते, पोरं मागून ‘गुरूआजी, आत काही नाही!’ ओरडतात. आणि वऱ्हाडाचा निरोप आलाय, लग्नात साधी न्होपी चालणार नाही, ग्रहच हवा.

आता काय करणार… आमच्या शनीचं कडं काढून ठेवलंय.