चोवीस तासांचा डबा

छी छी छी! तुम्हाला सांगतो, त्या डब्याचं नाव नका काढू! जेवून आलात ना? मग ऐका. मेंदूच्या खाली मटारएवढी एक ग्रंथी असते, तुमच्यातही आहे, फक्त तुमची गप बसते, माझ्या ग्रंथीवर गाठ आली! हार्मोन असे सुटले की तोंड फुगून मावाबाटी, म्हणजे गुलाबजामाची थोरली बहीण, बीपी आभाळात... डॉक्टर बोलले, नाकातून काढू. नाकातून! काढली. नाकात बोळे ठासून पडलो होतो, श्वास तोंडानं, जिलबीसुद्धा पुठ्ठा लागायची. तरी सांगतो भिया, नाकातलं ऑपरेशन परवडलं, पण हा डबा नको!

आता गाठ पूरी गेली का थोडी राहिली, हे कसं कळणार? हार्मोन तपासून. रक्त दिलं, ठीक आहे. मग आमच्या इंदौरच्या तुकोगंजातल्या लॅबमधली ती मॅडम हसत हसत एवढा मोठा प्लॅस्टिकचा डबा पुढे करते, "सरजी, चौबीस घंटे की यूरिन इसमें. एक बूंद बाहर नहीं जानी चाहिए, और ठंडे में रखना है." ठंडे में म्हणजे कुठे, हिमालयात? फ्रिजमध्ये!

आमची बायको मंजिरी फ्रिजला पाठ लावून उभी. "माझ्या श्रीखंडाशेजारी? अजिबात नाही!" मी बोललो, अगं, हार्मोन जास्त निघाला तर पुन्हा नाक उघडतील. बिचारीचे डोळेच भरले. श्रीखंड शेजाऱ्यांकडे गेलं, डबा आत गेला. आणि मग मी, राऊ गावच्या कॉलेजात शिकवणारा माणूस, दिवसभर फ्रिज उघडतोय, डबा काढतोय, बाथरूममध्ये जातोय, परत येतोय, डबा ठेवतोय, वर दुधाचं पातेलं, खाली मी... यक्! संध्याकाळी मित्र संजीव तब्येत विचारायला आला, घरचाच माणूस, आपणच फ्रिज उघडला, "अरे वा भिया, केरी का पना!" पन्हं समजून झाकण फिरवलं की हो त्यानं! मी असा ओरडलो की नाकाच्या आत झिणझिण्या. नाकातलं ऑपरेशन परवडलं, पण हा डबा नको!

आणि हे सगळं काकासाहेबांपासून लपवून. काकासाहेब म्हणजे माझे काका, जयसिंगराव, आमच्याकडेच राहतात. घरची मर्यादा अशी की मोठ्यांपुढे लघवी हा शब्द काढायचा नाही, लहानपणापासून नुसतं 'जाऊन येतो'. त्यांनी विचारलं, डब्यात काय? मंजिरी बोलली, "औषध आहे." झालं! दुसरं म्हणजे, इंदौर सफाईत एक नंबर आलं ते आपल्या एकट्यामुळे, असा त्यांचा पक्का समज. कचऱ्याच्या गाडीची वाट बघत सकाळी फाटकात उभे, जशी काय लेक माहेरी येतेय.

तर सकाळी शेवटचं भरलं, डबा ओट्यावर ठेवला, लॅबला जायचं म्हणून कपडे बदलायला गेलो. तेवढ्यात गाडीचं गाणं! बाहेर येतो तर डबा कुठाय? काकासाहेब हात पुसत येतायत, चेहऱ्यावर तेज. "यशवर्धन, ते औषध खराब झालं होतं रे, वास मारत होतं. नालीत ओतलं. डबा आतून हात घालून घासला, पुसला, प्लॅस्टिकच्या खान्यात दिला. गाडीवाला बोलला, बाबूजी, ऐसा साफ माल पूरी कॉलोनी में कोई नहीं देता!"

आतून! हात घालून! सांगावं तर मर्यादा... आणि त्याच हातांनी त्यांनी बशीत पोहे वाढले, वर चिमटीनं शेव भुरभुरवली. "खा, अशक्त झालायस." साबण डब्यालाच लावला का हातालापण, विचारायची सोय आहे? खाल्ले भिया! डोळे मिटून खाल्ले! नाकातलं ऑपरेशन परवडलं हो...

दुसरा डबा आणला. पुन्हा तेच सगळं. पण रिपोर्ट येईपर्यंत, खोटं कशाला बोलू, हसू पळालं होतं. भीती वाटत होती. मंजिरी फोन हातात घेऊन बसायची. आला रिपोर्ट... नॉर्मल! ती रडली, मी रडलो, काकासाहेबांनी देवापुढे पेढे ठेवले. मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकलो, तर ते पाठ थोपटत बोलले, "बधाई हो! अब बस हर छह महीने में यही वाला टेस्ट."

"कब तक, सर?"

"अरे, अब तो आदत डाल लो."

गाठ गेली भिया... डबा राहिला.