डझनामागे एक

आता तुम्हीच सांगा ताई, विश्वास ठेवायचा तो कुणावर – डब्यावर की मुठीवर? नाही, लगेच उत्तर देऊ नका. डबा म्हणजे हा कॉम्प्युटर, तुमच्या कंपनीचा, तुम्ही त्याच्याच बाजूनं बोलणार, आणि बोलावंच – ज्याचं खावं मीठ त्याचं करावं नीट. बसा आधी. ते स्टूल नको, डुगडुगतं, ह्या खुर्चीवर बसा. माझ्या मुलीनं तुम्हाला कशाला बोलावलंय ते ठाऊक आहे मला. कॉम्प्युटरमधला माल आणि खणांतला माल जुळत नाही, तूट येतेय, तेव्हा गल्ल्यावर कॅमेरा बसवायचा आणि चोर पकडायचा – हेच ना? बसवू की. पण त्याआधी चहा घ्या नि माझं ऐका. ती वर माळ्यावर माल लावतेय, अर्धा तास तरी खाली येत नाही.

एक आधीच सांगून ठेवतो, मी यंत्राच्या विरुद्ध नाही. असं बघू नका – म्हातारा दुकानदार दिसला की तुम्हा लोकांना वाटतं, हा आता जुन्या वहीला कवटाळून रडणार. ह्या गल्लीत पहिला फोन कुणी घेतला? मी. तेव्हा शेजारचा रंगवाला मला हसला होता – म्हणे, खिळे काय फोनवरून विकणार का? आज त्याचं शटर बघा, गंज चढलाय. समोर ते मोठं दुकान झालं, पाकिटबंद बारा स्क्रू, वर चकचकीत चित्र, शिवाय लोक मोबाइलवरून माल मागवायला लागले – दोन वर्षांत आमच्या रांगेतली तीन दुकानं बसली. तेव्हा माझी मुलगी चांगली नोकरी सोडून आली. म्हणाली, बाबा, आपण बदललो नाही तर चौथं आपलं. मी म्हटलं, आण तुझा डबा. चौथी पास माणूस मी, पण आकड्यात मला फसवणारा अजून जन्मायचाय, डब्याला कशाला घाबरू?

तर मुठीचं सांगत होतो. आमच्याकडे एक माणूस होता, एकतीस वर्षं. स्क्रू, बोल्ट, वायसर, सगळे खण त्याच्या ताब्यात. अख्खा बाजार त्याला मूठमामा म्हणायचा. का? गिऱ्हाइकानं डझनभर मागितले की हा खणात हात घालायचा, मूठ बाहेर काढायचा, कागदात उलटी करायचा – झालं. मोजणं नाही, वजन नाही. आणि मूठ कधी चुकली नाही. मात्र त्या मुठीत बारा नसायचे, ताई. तेरा असायचे. दर वेळी तेरा. मामाच्या मुठीला बारा ठाऊकच नव्हते – कारण तिला तेरा मीच शिकवले.

त्याचं असं झालं. माझं दुकान नव्हतं तेव्हा, एक पेटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचो. एका सुताराला बारा स्क्रू दिले. तो गावाबाहेर कुठंतरी शिडीवर चढून दार बसवत होता, एक स्क्रू हातातून निसटला नि फटीत गेला. एका स्क्रूसाठी माणूस तासभर चालत परत आला, त्याचा अर्धा दिवस गेला, वर मालकाच्या शिव्या. माझ्यावर चिडला नाही, नुसता म्हणाला, शेठ, एक पडतोच. त्या दिवसापासून आपला नियम – बारा म्हणायचं, तेरा द्यायचे, आणि बोलायचं नाही. वरताळा, म्हणजे हा वरचा एक, दिला म्हणून सांगितलं की तो उपकार होतो, आणि उपकार केलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. मामा कामाला लागला तेव्हा त्याच्याकडून वचन घेतलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही. अगदी घरच्यांनाही नाही. त्यानं बायकोला सांगितलं नाही, मी मुलीला. समोरच्या दुकानाला अजून कळलेलं नाही की मिस्त्री लोक रस्ता ओलांडून आमच्याकडे का येतात. तुम्हीही सांगू नका.

हं, आता तुमच्या लक्षात यायला लागलं. चहा निवतोय, घ्या.

डबा आला, सहा महिन्यांनी पहिली मोजणी झाली. डब्याला काय सांगितलं होतं? डझन विकला की बारा वजा कर. तो बारा वजा करत होता, मूठ तेरा देत होती. इथंच, ह्या गल्ल्याशी, सगळे उभे – मुलगी, मी, मामा, कामाच्या दोन बायका. मुलगी पडद्यावरून वाचत होती. दीड इंची स्क्रू, विक्री चोवीसशे, तूट दोनशे. वायसर, विक्री एक हजार ऐंशी, तूट नव्वद. बोल्ट, विक्री सहाशे, तूट पन्नास. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. खणांच्या किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तिचं काही चुकलं असं नाही. तिला नग दिसत होते. मला डझन दिसत होते – चोवीसशे म्हणजे दोनशे डझन, तूट दोनशे. नव्वद डझन, तूट नव्वद. पन्नास डझन, पन्नास. आणि बिजागऱ्या? त्या जोडीनं विकतो आम्ही, डझनानं नाही. बिजागऱ्यांत एकीचीही तूट नव्हती. चोर इतका शिस्तीचा असतो का हो? प्रत्येक डझनामागे बरोबर एक उचलायचा, बिजागरीला हात लावायचा नाही – असा चोर मिळाला तर मी त्याला मुनीम ठेवीन.

मला कधी कळलं म्हणता?

दुसऱ्या ओळीला.

आता विचारलंच आहे तर – हो, दुसऱ्याच ओळीला कळलं आणि मी गप्प बसलो. मामानं माझ्याकडे पाहिलं. वचन दिलेला माणूस, तो स्वतः कसा बोलणार? एवढंच म्हणाला, "मालक, तुम्ही बोला ना." आणि मी खणाकडे बघत म्हणालो, "यंत्र खोटं कशाला बोलेल?" त्यानं काही वाद घातला नाही. सदऱ्याचे खिसे उलटे करून दाखवले – एक पेन्सिल, एक रुमाल, चष्म्याची तुटकी दांडी. किल्ल्या काढून गल्ल्यावर ठेवल्या आणि चपला घालून गेला. खिसे आत घालायचंही भान नव्हतं त्याला, तसाच भर बाजारातून.

का गप्प बसलो? आदल्याच आठवड्यात मुलगी म्हणाली होती, बाबा, दुकान तुमच्या मनानं चालायचं असेल तर मी आपली नोकरीवर परत जाते. वाटलं, आता ही फुकट वाटल्याची गोष्ट बाहेर आली तर ही चालली. मुलगी राहावी म्हणून माणूस घालवला. आणि – जाऊ द्या, निम्मं कशाला लपवू – एक पगार वाचतोय हेही मनात येऊन गेलं. येऊन गेलं कसलं, चांगलं दोन महिने मुक्कामाला राहिलं.

पण मामा गेला आणि तूट काही गेली नाही. कशी जाईल? आता गल्ल्यावर मी असतो. मी तेराच देतो, मोजून देतो, आणि देणार. तुमचा कॅमेरा चोर दाखवेल तो मीच.

परवा गेलो होतो त्याच्या घरी. वहिनींनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. मी म्हटलं, मामा, चूक झाली, उद्यापासून ये. तर म्हातारा म्हणतो कसा, "तुमच्या तोंडचं नको मालक. ज्यानं चोर म्हटलं त्यानंच साव म्हणावं. डब्यातून कागद काढून आणा." रागावून नाही, मोजून बोलला. बरोबरच आहे. मी माफी मागितली ती त्याच्या स्वयंपाकघरात, त्याला चोर केला तो चारचौघांत.

म्हणून सांगतो, तो कागद निघायला डब्यात एक नवा रकाना पाहिजे. वरताळा. पहिल्या दिवसापासून, डझनामागे एक. काय? शून्य किमतीची विक्री तो घेत नाही? मग घ्यायला शिकवा, मी ह्या वयात तुमचा डबा शिकलो, त्याला एक रकाना जड का? "खराब माल" ह्या सदरात टाकू म्हणता? नाही. माल खराब नव्हता, देणारा हात तर मुळीच नव्हता. "सूट"? सूट मागून घेतात, हे कुणी मागितलंच नव्हतं. "गहाळ"? अहो, काय गहाळ? एकेक स्क्रू कुठल्या ना कुठल्या दारात बसलाय. साहेबांना विचारावं लागेल म्हणता – विचारा, हा फोन. त्यांना म्हणावं, रकाना मिळाला तर डबा राहतो, नाही तर संध्याकाळी टेम्पोत घालून परत. पाकिटबंद बाराच विकायचे असते तर समोरच्याकडे नोकरीला नसतो का लागलो मी?

पावलं वाजली ना जिन्यावर? येऊ दे. बरं झालं, लवकर आटोपलं तिचं. त्या दिवशी तिनंच मोठ्यानं वाचलं होतं, आजही तीच वाचेल, इथंच, ह्याच गल्ल्याशी, त्या दोघी बायकांनाही बोलवा. मग जायची असेल नोकरीवर तर जाईल. मला नाही वाटत जाईल, माझीच आहे ती, आकडा डझनात मांडून दाखवला की प्रकाश पडेल तिच्या डोक्यात.

घ्या, लिहा. कुणाच्या सांगण्यावरून दिला, तिथं माझं नाव घाला, मामाचं नको. मोजणीच्या दिवशी कुणाला खरं ठाऊक होतं, असा रकाना नसेल तुमच्याकडे – तो पण करा, आणि तिथंही माझंच. संकोच नको ताई, मी म्हातारा आहे म्हणून एक नग कमी नको, चहा पाजला म्हणून एक वर नको. वरताळा गिऱ्हाइकाला. हिशोब मात्र खरा ठेवा.